कालव्याला पाणी सुटेपर्यंत

माझी आई तिथं पोचली की नाही, हा प्रश्न मला पडावा हेच मुळात विचित्र आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझे वडील गावातल्या शाळेत मास्तर होते आणि मेल्यावर माणसाचं काही उरत नाही, हे त्यांनी मला बाराखडीच्याही आधी शिकवलं होतं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात स्वर्ग नव्हता, नरक नव्हता, आत्मा तर नव्हताच नव्हता. आणि तरी आई गेल्यापासून भाजी चिरताना, वर्गात मुलं खाली मान घालून उत्तरं लिहीत असताना, गंगाखेडहून गावाकडच्या एसटीत खिडकीशी बसलेली असताना माझ्या डोक्यात हेच चालू असतं. पोचली असेल तर कशी, आणि नसेल तर कुठं अडली? मला माझाच राग येतो. राग आला म्हणून प्रश्न काही जात नाही.

वडिलांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं. मी त्यांच्याच वर्गात शिकले, म्हणून मीही गुरुजीच म्हणायचे. घरात तीच सवय लागली आणि आईसुद्धा त्यांना गुरुजी म्हणू लागली. गुरुजींचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दाखवा, मग मानतो." ते बुवाला हे म्हणायचे, हात बघणाऱ्याला म्हणायचे, विम्याच्या एजंटालाही म्हणायचे. मरणाबद्दल कुणी विचारलं तर सांगायचे, माणूस म्हणजे खडू. झिजेपर्यंत लिहायचं. संपल्यावर खडू कुठं गेला असं कुणी विचारतं का?

आई चुलीपुढून विचारायची, "आन् लिवलेलं?"

"ते पुसायला दुसरा मास्तर येतो," गुरुजी म्हणायचे, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन चहा मागायचे.

ते गेले तेव्हा आम्ही त्यांना आमच्या पद्धतीनं अग्नी दिला. गोदावरी काही लांब नाही, पण राख नदीत सोडायची नाही हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खड्डा करून त्यात राख घातली आणि वर लिंबाचं रोप लावलं. तुमची भाषा कडुनिंब म्हणत असेल, आम्ही लिंबच म्हणतो. मी एकुलती एक मुलगी. आईला म्हटलं, चल गंगाखेडला माझ्याकडं. ती म्हणाली, "लिंबाला पानी कोन घालील?" रोप चांगलं माझ्या खांद्याला लागलं तरी तिचं कारण तेच होतं.

आणि मग ती गिरणीवर गेली.

आमच्या गावापासून जरा पुढं, पोखर्णीच्या रस्त्याला एक पिठाची गिरणी आहे. गिरणीवाला स्वतःच पास्टर. गिरणीमागं पत्र्याची एक खोली आहे, तिथं रविवारी प्रार्थना होते. येणारी माणसं मूठभर. रविवारी गिरणी बंद असते हे आईच्या ध्यानात राहिलं नाही. ती ज्वारीचं गठुडं घेऊन गेली, मागून गाण्याचा आवाज आला, गिरणी चालू होईल म्हणून ओट्यावर बसली. गिरणी काही चालू झाली नाही. पण उठावंसंही वाटलं नाही, असं तिनं मला नंतर सांगितलं.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "आगं, ते निजलेले असतात म्हनं."

"कोण?"

"मेलेले."

शेजारच्या गावात कुणाच्या पोरीचं जमलं, हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं. जे प्रभूला मानतात ते मरत नाहीत, निजतात. एक दिवस त्यांना हाक येईल आणि ते उठतील. उठल्यावर दुखणं नाही, म्हातारपण नाही, कुणी कुणाला सोडून जायचं नाही. मी म्हटलं, आई, ज्वारी दळून आणली का? ती म्हणाली, न्हाई, गिरणी बंद व्हती.

मी चिडले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या खेपेला गावी गेले ते भांडायच्या तयारीनंच गेले. तिला पेशी समजावल्या, मेंदू समजावला, रक्त थांबलं की काय होतं ते सगळं सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बराबर हाय तुपलं. मग त्याच्या म्होरं?"

त्याच्या पुढचं माझ्याकडं काही नव्हतं. गुरुजींकडं निदान खडू होता.

काका, म्हणजे गुरुजींचे धाकटे भाऊ, शेजारीच राहतात. त्यांचं नि आमचं वावरही लागून आहे. ते तर भांडायलाच उठले. "वैनी, गुरुजींनी जलमभर काय शिकिवलं, आन् तुमी हे काय करायलाव?"

आई म्हणाली, "त्याईनी शिकिवलं ते मला आलं न्हाई. मी नापास."

काका तोंड फिरवून हसले आणि मग हसल्याबद्दल त्यांना आणखी राग आला. आपल्या वहिनीवर त्यांचा जीव होता आणि तिच्यापुढं त्यांचं काही चालत नसे.

मी सुटीला गेले की आई प्रश्न काढायची. तिथं भाषा कोणती असंल? चष्मा लागंल का? गुडघे नवे मिळतात का ह्येच बरे करून देतात? मी म्हणायचे, तुझ्या पास्टरला विचार. ती म्हणायची, त्याला लई विचारून बेजार केलंय. एकदा तिनं सांगितलं की जाळलेला माणूस उठेल का, हे तिनं विचारून घेतलंय. पास्टर म्हणाले, ज्यानं मातीचा माणूस केला त्याला राखेचा करायला काय अवघड? "राख मातीपरीस बारीक असती," आई मला समजावत होती, "पर त्याला काय चाळनीनं चाळायचंय का?"

मला कळलं की हे सगळं गुरुजींसाठी चाललंय. नवे गुडघे हे नुसतं निमित्त होतं.

"पण आई, गुरुजींनी तर काहीच मानलं नव्हतं," मी म्हटलं. मला तिला दुखवायचं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं ती हे कसं बसवते.

तिनं ते बसवून ठेवलेलं होतं. "ते काय म्हनायचे? दाखवा, मग मानतो. आता त्या दिवशी डोळ्याला दिसलंच की. हाक येईल, मी उठंन, त्याईला हलवंन, म्हनंन, उठा गुरुजी, बगा. समोर दिसतंय ते न्हाई म्हननारा त्यो मानूस न्हवता."

"पास्टरला पटलं का हे?"

ती सुपातली डाळ निवडायला लागली. डाळीत खडा नव्हता, तरी ती बराच वेळ निवडत राहिली.

आता कालव्याचं सांगते. प्रभूचं व्हायचं म्हणजे बाप्तिस्मा घ्यावा लागतो, माणसाला पाण्यात पूर्ण बुडवून बाहेर काढतात. गिरणीमागच्या त्या लोकांत ह्याला सरळ पाण्यात उतरणं म्हणतात. आणि त्यांची रीत अशी की पाणी वाहतं पाहिजे. आमच्याकडं वाहतं पाणी म्हणजे कालव्याचं, आणि कालवा काही बारा महिने वाहत नाही. धरणातून पाणी सुटलं तर तो वाहतो, एरवी त्यात शेळ्या चरतात. त्यामुळं ज्यांना उतरायचं असेल ते सगळे पाणीपाळीची वाट बघत बसतात. शेतकरी गव्हासाठी वाट बघतात, हे लोक ह्यासाठी. मला ह्याची गंमत वाटायची. मी शाळेतल्या बायकांना सांगायचे की आमच्या आईचा स्वर्ग पाटबंधाऱ्याच्या साहेबाच्या हातात आहे.

तरी पांढरं लुगडं मीच घेऊन दिलं. गंगाखेडच्या बाजारातून, बारीक निळ्या काठाचं. पांढरं आम्हालाही लागतं, बुद्धपौर्णिमेला आमच्या सगळ्या बायका पांढऱ्यात असतात. त्यामुळं काकांनी ते लुगडं बघितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि पास्टरनं बघितलं तेव्हा त्यालाही बरं वाटलं. आईनं ते ट्रंकेत ठेवलं.

हिवाळ्याची पाळी आली. मी फोन केला, उतरलीस का? म्हणाली, ताप होता. उन्हाळ्याची पाळी आली. म्हणाली, गुडघे धरले होते. मी मनातून सुटले. म्हटलं, तिची हौसच आता कमी झाली असेल, वेळ जाऊ द्यावा. गेल्या हिवाळ्यात मी विचारलं, ह्या खेपेला काय? ती म्हणाली, "पानी तर सुटू दे, मग बघू."

पाणी सुटायच्या आत ती गेली. खोकला होता, दवाखाना झाला होता, फार काही वाटलं नव्हतं. सकाळी अंगणात उन्हाला बसली आणि तिथंच मान कलली. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उभी होते.

मी गावात पोचले तोवर अंगण भरलं होतं. आईला ते पांढरं लुगडं नेसवून झालं होतं. कुणी काढून दिलं कोण जाणे, पण नेसवणाऱ्या बायका आमच्या होत्या. काकांनी सगळा इंतजाम हातात घेतला होता. लाकडं गेली होती, मोबाइलवरून नातेवाईकांना निरोप गेले होते. मी आईच्या उशाशी बसते न बसते तोच पास्टर आला. बरोबर प्रार्थनेची तीनचार माणसं. बहुतेक तो गिरणी तशीच टाकून आला होता, कारण त्याच्या भुवयांवर पीठ होतं.

तो काकांना नमस्कार करून म्हणाला, "मावशी आमच्यातल्या व्हत्या. त्याईचं दफन व्हावं. परभणीला आपली जागा हाय, मी बोलून ठेवलंय."

काका शांतपणे म्हणाले, "पाण्यात उतरली व्हती का?"

"न्हाई. पर विश्वास व्हता."

"उतरली न्हाई, म्हंजी ती आमचीच. विषय संपला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एकुलत्या एक मुलीला अशा वेळी फार मान मिळतो. मला तो मान नको होता. मला रडायचं होतं आणि कुणी रडू देत नव्हतं. आणि मग मी जे केलं ते आजही माझं मलाच उमगत नाही. मी पास्टरवर ओरडले.

"वाहतं पाणी, वाहतं पाणी! हौदात केलं असतं तर काय बिघडत होतं? ड्रम भरला असता. दोन बादल्या डोक्यावर ओतल्या असत्या! ती दोन हिवाळे वाट बघत बसली तुमच्या त्या कालव्याची. आता काय सांगणार तुम्ही तिथं? पाणी सुटलं नव्हतं म्हणून राहिली?"

काका माझ्याकडं बघत राहिले. मी गुरुजींची मुलगी, विज्ञानाची बाई, आईला स्वर्गात का घेत नाही म्हणून भांडत होते. आणि मी थांबले नाही. "आत घेतात का नाही तिला? हो का नाही, एकदाचं सांगा!"

पास्टरनं डोक्यावरची टोपी काढली. तिच्यातूनही पीठ उडालं. तो हळू म्हणाला, "ताई, मी त्याईला हौदाचंबी म्हणलं व्हतं. गिरणीमागं हौद हाय. म्हणलं, मावशी, वाट बघू नका. त्याच न्हाई म्हणल्या."

"का?"

तो काकांकडं बघून घुटमळला. मग म्हणाला, "त्या दोन्ही पाळ्यांना कालव्यावर आल्या व्हत्या."

"ताप होता तिला," मी म्हटलं.

"ताप न्हवता, ताई. ह्येच लुगडं नेसून आल्या व्हत्या. पायऱ्या उतरल्या. घोट्यापातूर पाण्यात उभ्या ऱ्हायल्या आन् मागं सरल्या. दुसऱ्या बारीलाबी तसंच. बाकीचे सगळे उतरले, त्याईनी काठावर बसून गाणी म्हणली आन् घरी गेल्या."

मला खरंच काही समजेना. "पण का?"

"मला म्हणल्या, गुरुजी तिथं नसले तर मी उतरून काय करू?"

आईच्या पायाशी बसलेल्या बायकांतून कुणीतरी हुंदका दिला. मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलं?"

पास्टरचा चेहरा बघवत नव्हता. इतके दिवस मी त्याला आईला भुलवणारा माणूस समजत होते. तो आत्ता माझ्या वर्गातल्या उत्तर न आलेल्या मुलासारखा उभा होता. "मला त्याईच्याशी खोटं बोलता येईना. आन् खरं काय ते मला मालूम न्हाई, ताई. शास्त्रात हाय ते मी सांगतो. गुरुजींचं नाव घेऊन त्यात काय लिवलेलं न्हाई. मी म्हणलं, मावशी, देवाच्या दयेवर सोडा."

"मग?"

"मग म्हणल्या, बरं. म्होरच्या पाण्याला बघू."

त्या क्षणी मला गुरुजींचा इतका राग आला की ते समोर असते तर मी त्यांच्याशी बोललेच नसते. ते ‘दाखवा, मग मानतो’ कशाला घोकत बसलात जन्मभर? जरा कुठंतरी सैल सोडायचं होतं, थोडं काहीतरी मानून ठेवायचं होतं, तिच्यासाठी. आणि लगेच आईचाही राग आला. तुला सगळं मिळत होतं. नवे गुडघे मिळत होते. घोट्यापर्यंत जाऊन परत कशाला आलीस? आणि हे दोघंही माझ्या दृष्टीनं कुठंच नव्हते, तर मी रागावत कुणावर होते, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आताही येत नाही.

काकांनी घसा खाकरला. उशीर होतोय, काय ते बोल, असा त्याचा अर्थ.

मी पास्टरला विचारलं, "जाळलं तर उठेल?"

"उठंल."

"तुमच्या परभणीच्या जागेत न नेता आमच्या वावरात पुरलं तर?"

"उठंल की. जागेचं काय न्हाई."

मग काकांना विचारलं, "काका, तुमच्या मते ती आता कुठंय?"

"कुठंच न्हाई," काका म्हणाले. पण हे म्हणताना त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते धोतरानं पुसले.

"कुठंच नसंल तर पुरलं काय नि जाळलं काय, तुम्हाला फरक काय पडतो?"

आईनं लिंबाला पाणी घालायला मिळावं म्हणून गंगाखेडला यायचं नाकारलं होतं, आणि उठायच्या दिवशी कुणाला हलवायचं ते मला सांगून ठेवलं होतं. बाकी सगळं धूसर होतं, तेवढं एक ढळढळीत दिसत होतं. मी म्हटलं, "धुऱ्यावर पुरू. लिंबाजवळ."

काका कुरकुरले. वावरात कबर म्हणजे उद्या भानगड, पोरांनी जमीन विकायला काढली तर काय करायचं, लोक काय म्हणतील. हे सगळं बोलत बोलत त्यांनी भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं आणि चालू लागले. परत आलेली लाकडं नंतर कितीतरी दिवस त्यांच्या गोठ्यात पडून होती.

खड्डा झाल्यावर पुन्हा अडलं. पास्टरची माणसं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला करून निजवतात. प्रभू पूर्वेकडून येणार, उठून बसलं की तोंड त्याच्याकडं व्हावं. लिंब होता खड्ड्याच्या पश्चिमेला. म्हणजे आई उठून बसली असती तर गुरुजी तिच्या पाठीमागं राहिले असते.

मी म्हटलं, "उलटं निजवा. तोंड लिंबाकडं पाहिजे."

"ताई, प्रभू तर पूर्वेकडून यायचा."

"येऊ द्या. आई आधी गुरुजींना उठवील, मग दोघं वळतील."

हे मी बोलले. कुठल्या अधिकारानं, मला माहीत नाही. पास्टरनं खड्ड्याच्या काठावरून लिंबाकडं बघितलं. त्याच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. शेवटी तो म्हणाला, "मावशीचा सभाव तर तसाच व्हता," आणि स्वतः खड्ड्यात उतरून आईला लिंबाकडं तोंड करून घेतलं. वरून काकांनी त्रिशरण पंचशील म्हणायला सुरुवात केली आणि खालून पास्टरनं प्रार्थना. कुणी कुणासाठी थांबलं नाही. मी मध्ये उभी होते आणि मला दोन्हीतलं निम्मं निम्मं ऐकू येत होतं.

मी काही दिवस गावातच राहिले. लोक भेटायला यायचे. आमचे लोक म्हणायचे, गुरुजींच्या शेजारी गेली, बरं झालं. प्रार्थनेच्या बायका म्हणायच्या, ती झोपलीय, भेटंल. मी दोघांनाही हो म्हणायचे. एकदा हो म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की दोन्ही वेळेला माझं हो खोटं नव्हतं. दोन्ही खरं असू शकत नाही, हे मी मुलांना शिकवते.

त्याच आठवड्यात कालव्याला पाणी सुटलं. पास्टरचा फोन आला. "ताई, आज काही लोक उतरायलेत. मावशीसाठीबी प्रार्थना करू. येता का?" मी नको म्हटलं. मागून पाण्याचा आणि पोराबाळांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मी रोज विचार करायलोय, मी त्याईला दुसरं काय सांगायला पायजे व्हतं." मला वाटलं होतं ह्या लोकांना सगळं माहीत असतं. मी म्हटलं, तुम्ही बरोबर सांगितलंत. हेही खरं होतं का, मला माहीत नाही.

फोन ठेवला आणि मी वावराकडं गेले.

कालव्याचं पाणी आमच्याकडं चारीनं, म्हणजे लहान पाटानं, येतं. चारी धुऱ्याच्या कडेनं जाते आणि पुढं काकांच्या गव्हात उतरते. काका दारं धरत होते, म्हणजे खोऱ्यानं माती ओढून पाणी ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत होते, असं मला लांबून वाटलं. जवळ गेले तर ते गव्हात नव्हतेच. धोतर वर खोचून लिंबापाशी उभे होते आणि त्यांनी चारीची कड फोडली होती.

"काका, इकडं गहू न्हाई," मी म्हटलं.

ते दचकले. मग म्हणाले, "म्हाईत हाय."

"मग?"

"वैनीला पायजे व्हतं ना वाहतं पानी." त्यांनी खोऱ्यानं उगाच एक ढेकूळ बाजूला केलं. "म्या काय मानत न्हाई हे."

"मीबी न्हाई मानत."

"मग गप उभी ऱ्हा."

मी गप उभी राहिले. जमिनीचा उतार लिंबाकडून आईकडं आहे. काकांना ते ठाऊक होतं का, त्यांनी मुद्दाम तिथंच कड फोडली का, मी विचारलं नाही. पाणी आधी लिंबाच्या आळ्यात गेलं. आईनं इतकी वर्षं हातानं कोरून ठेवलेलं ते आळं चांगलं खोल आहे, भरायला वेळ लागला. पाणी बुंध्याभोवती फिरत राहिलं, पालापाचोळा वर आला, कोरड्या मातीतून बुडबुडे निघाले. आळं काठोकाठ भरलं. मग एका बाजूनं ते फुटलं आणि पाणी आईच्या ताज्या मातीवर पसरत गेलं.

पास्टर ह्याला काय म्हणेल, मला माहीत नाही, आणि गुरुजी काय म्हणाले असते ते मला चांगलंच माहीत आहे. मला एवढंच दिसत होतं की गुरुजी आधी उतरले होते. आता आईला मागं सरायला कारण उरलं नव्हतं.